उघड्या हातांचा बिड मॅकफी

श्रोते हो, मिनिटं मोजकीच मिळाली आहेत, आणि जुन्या बेसबॉलपटूवर बोला म्हटल्यावर कुणा तडाखेबाज फलंदाजाचं नाव निघेल, अशी तुमची अपेक्षा असणार. मी बोलणार आहे क्षेत्ररक्षकाबद्दल. हा माझा जुनाच हेका आहे. धावा काढणारा सगळ्यांना दिसतो, धावा अडवणारा कुणालाच दिसत नाही.

बिड मॅकफी, जन्म १८५९, न्यूयॉर्क राज्यातल्या मसीनाचा. १८८२ ते १८९९ असे अठरा हंगाम तो सिनसिनाटीसाठी दुसऱ्या बेसवर उभा राहिला, संघ बदलला नाही. आणि त्यातले पहिले चौदा हंगाम चक्क उघड्या हातांनी! बाकीचे एकेक करत ग्लोव्ह चढवत गेले, तरी हा ढिम्म हलला नाही. मोठ्या लीगमध्ये दुसऱ्या बेसवर उघड्या हातांनी खेळलेला तो शेवटचा.

आता भाकरी करणाऱ्या बाईचे हात आठवा. तव्यावरची भाकरी ती बोटांनीच उलटते, उलथनं नाही की सांडशी नाही. नवशिकीचे हात पोळतात, पुढे सरावतात. मॅकफीचंही म्हणणं हेच. हंगामाच्या सुरुवातीला सणसणत आलेला चेंडू झोंबतो, मग त्याचं काही वाटत नाही. मिठाच्या पाण्यात हात बुडवून तो कातडी टणक करून घेई.

पण जेवताना बोललं काय जातं? करपलेल्या भाकरीबद्दल! वीस नीट उतरल्या, त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. बेसबॉलच्या धावफलकावर क्षेत्ररक्षकाच्या चुकांचा वेगळा रकाना असतो. तो करपलेल्या भाकरीचा रकाना. चेंडू निसटला की नोंद. पण पहिल्या बेसकडून धावणारा अंगावर येतोय, हा चेंडू घेऊन, बेसवर पाय टेकवून, वळून पहिल्या बेसकडे फेकतोय, एका दमात दोघं बाद, ते आपण ‘त्याचं कामच आहे’ म्हणून सोडून देतो.

१८९६ साली बोट दुखावलं म्हणून मॅकफीने अखेर ग्लोव्ह घातला. त्या हंगामात हजारी ९७८ चेंडू बिनचूक, दुसऱ्या बेसवाल्यांतला त्यावेळचा विक्रम. म्हणजे आधीचा नुसता हट्टच की, असं म्हणाल. असेलही. पण १८८६ मध्ये उघड्या हातांनी त्याने ५२९ बाद टिपले, आणि दुसऱ्या बेसवर एका हंगामात तेवढे आजवर कुणाला जमलेले नाहीत. कातडी ग्लोव्ह घालूनसुद्धा!

पुन्हा सांगतो, कारण हेच कानाआड होतं. अडवलेली धाव ही काढलेल्या धावेइतकीच मोलाची. मॅकफी १९४३ मध्ये वारला, कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं ते २००० साली. सत्तावन्न वर्षं! कारण घर चालवणारे आठवायला उशीरच लागतो.

खेळणं थांबवल्यावर, १९०१ मध्ये, तो सिनसिनाटीचाच व्यवस्थापक झाला, संघ तळाला गेला, त्याची कारणं... नाही, काचेपलीकडून खूण होतेय. त्याचे एका दमात तिसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटकेही राहिलेच, दीडशेहून जास्त होते. असो. रविवारी मैदानावर जाल, तेव्हा चौकारालाच टाळ्या पिटू नका. सूर मारून चौकार अडवणारं ते पोरही बघा, आणि त्याला नावानिशी शाबासकी द्या.