दुखणाईत वडीलधाऱ्यांसाठी शुश्रूषा केंद्राची पारख

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात विंचूर येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त प्राथमिक शिक्षकाने आपणांपुढे काय ठेवावे, असा प्रश्न मला पडला. विद्वत्तेचा विषय माझ्या अधिकाराबाहेरचा आहे. म्हणून जे स्वतः भोगले, ज्यात प्रथम चुकलो आणि ठेच लागल्यावर शिकलो, तेच सांगण्याचे मी ठरविले. घरातील वडीलधारे माणूस पडले, त्याची शस्त्रक्रिया झाली, किंवा त्याला अर्धांगवायूचा झटका आला; रुग्णालयाने काही दिवसांनी 'आता घरी न्या' म्हणून सांगितले; परंतु घरी त्याची शुश्रूषा होणे शक्य नाही. अशा वेळी काही आठवड्यांकरिता त्याला जेथे ठेवावयाचे, ते केंद्र कसे पारखावे, हा माझा आजचा विषय आहे.

प्रथम माझी हकीकत सांगतो. आमच्या आत्याबाई ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. मला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढविले. पुढे वडिलोपार्जित जमिनीच्या कागदांची वेळ आली, तेव्हा एक शब्दही न बोलता त्यांनी हक्कसोडपत्रावर अंगठा उठविला. ती जमीन आज आम्ही कसतो. 2022 सालच्या चैत्रात उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती आणि सारे घर मळ्यात होते. घरी एकट्या असलेल्या आत्याबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. त्यांचे वय तेव्हा 82 होते. नाशिकला शस्त्रक्रिया उत्तम झाली. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले, "आता घरी न्या, पण रोज उभे करा, चालवा, नाहीतर केलेले सारे फुकट जाईल."

चालविणार कोण? माझ्या पत्नीला मणक्याचा विकार, माझे गुडघे निकामी, मुलगा आणि सूनबाई नोकरीनिमित्त पुण्यास. दोन म्हाताऱ्यांनी तिसऱ्या म्हाताऱ्या माणसाला उचलावयाचे, असा प्रसंग होता. कोणीतरी नाशिकमधील एका केंद्राचे नाव सुचविले. त्याच क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो आत्याबाईंचा नव्हे, लोकांचा. 'जिने वाढविले तिला मास्तरांनी वृद्धाश्रमात टाकले', असे भावकीत बोलले जाईल, याची मला धास्ती वाटली. म्हणून आम्ही ते काम घाईने आणि गुपचूप उरकले. कोणाला विचारले नाही, कोणाला बरोबर नेले नाही. केंद्राच्या दर्शनी भागात गणपतीची सुबक मूर्ती होती, फुलझाडांच्या कुंड्या होत्या, फरशी आरशासारखी चकचकीत होती. व्यवस्थापकांशी पंधरा मिनिटे गोड बोलणे झाले. आम्ही अनामत भरली आणि परतलो.

आठव्या दिवशी भेटीस गेलो. आत्याबाई आदल्या वेळी पाहिल्या तशाच, त्याच कुशीवर पडून होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "बाळ, मला इथं कोणी उठवीतच नाही रे." पांघरूण दूर केले, तो माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम झालेली. ती जखम भरून येण्यास दीड महिना लागला, आणि ज्या दिवसांत पायांत बळ यावयाचे ते दिवस ती जखम धुण्यात गेले. दोष त्या केंद्राचा होता, हे खरे. परंतु न पाहता, न विचारता, लाजेपोटी डोळे मिटून निवड करणाऱ्या माझा दोष त्याहून कमी नव्हता.

मंडळी, येथे एक घोटाळा प्रथम दूर केला पाहिजे. वृद्धाश्रम वेगळा आणि मी म्हणतो ते शुश्रूषा व पुनर्वसन केंद्र वेगळे. वृद्धाश्रम हे राहण्याचे ठिकाण असते. पुनर्वसन केंद्र हा रुग्णालय आणि घर यांमधील पूल आहे, आणि पूल हा ओलांडण्यासाठी असतो. 'नर्सिंग होम' या नावानेही फसगत होते. आपल्याकडे त्याचा अर्थ बाळंतपणाचे किंवा शस्त्रक्रियेचे छोटे खाजगी रुग्णालय असा घेतला जातो. परंतु महाराष्ट्रात लागू असलेल्या 1949 सालच्या नर्सिंग होम नोंदणीच्या कायद्याची व्याख्या व्यापक आहे. आजारी, जायबंदी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जेथे उपचार आणि शुश्रूषा केली जाते, ती जागा तीत येते. म्हणून केंद्राच्या दारात गेल्यावर नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावयास मागावे, आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हेही वाचावे. विचारण्यात संकोच कसला? शाळेला मान्यता आहे की नाही हे आपण पाहतोच ना?

ही विद्या काही परकी किंवा कालपरवाची नव्हे. अमेरिकेत जन्मून महाराष्ट्राच्या सूनबाई झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. व्यवसायोपचार म्हणजे लुगडे नेसणे, घास तोंडाशी नेणे, आंघोळ करणे अशी नित्याची कामे रोग्याला पुन्हा स्वतः करता यावीत, यासाठी दिलेली तालीम. पुढे 1955 साली हाजी अली येथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. या साऱ्यांचे सूत्र एकच आहे: रोग्याचे सर्व काही दुसऱ्याने करणे ही सेवा नव्हे, रोग्याला स्वतःचे स्वतः करता येईल असे करणे, ही सेवा.

आता पारख कशी करावी, ते सांगतो. छत्तीस वर्षे शिक्षकी केली. विस्तार अधिकारी तपासणीस येणार म्हटले म्हणजे शाळा कशी सजते, हे मला चांगले ठाऊक आहे. भिंतीवर नवे तक्ते लागतात, आणि हुशार मुले पहिल्या बाकावर येतात. शाळा खरी कशी आहे हे पाहावयाचे तर कोणत्याही साध्या मंगळवारी, न सांगता, दुपारी तीन वाजता वर्गात डोकवावे लागते. केंद्राचेही तसेच आहे. जखम भरत आल्यावर मी पुन्हा शोधास निघालो तो हाच नियम ठरवून. या वेळी पुतण्यास बरोबर घेतले, वही घेतली, आणि नाशिकमधील तीन केंद्रे प्रत्येकी दोनदा पाहिली. एकदा जेवणाच्या वेळी आणि एकदा दुपारी चारच्या सुमारास.

पहिली गोष्ट पाहावयाची ती ही की, भर दिवसा किती माणसे खाटेवर आडवी आहेत आणि किती खुर्चीत बसलेली अथवा वॉकर धरून चालत आहेत. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला साधारणतः दुसऱ्याच दिवशी उठवून उभे करतात. पक्षाघातातही पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत अधिक असतो. तेव्हा जेथे दुपारी चार वाजता सारा दिवाणखाना निजलेला आहे, तेथे शांतता आहे असे समजू नये. तेथे आळस आहे, अथवा माणसे अपुरी आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे कूस बदलणे. ज्याला स्वतः वळता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. त्याची नोंद कोठे ठेवता, असे विचारावे. तक्ता दाखविला, तर त्यावरील वेळा खऱ्या आहेत की संध्याकाळी एकदम भरलेल्या आहेत, हे हजेरीपट पाहण्याची सवय असलेल्या माणसास पटकन कळते. आपल्या माणसाच्या टाचा आणि माकडहाड प्रत्येक भेटीत स्वतः पाहावे.

तिसरी गोष्ट मनुष्यबळ. पांढरा कोट घातलेली प्रत्येक व्यक्ती परिचारिका नसते. परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या आणि परिचर्या परिषदेकडे नोंद असलेल्या परिचारिका किती, नुसते मदतनीस किती, आणि विशेषतः रात्री दहानंतर किती रोग्यांमागे कोण जागे असते, हे विचारावे. फिजिओथेरपीचे तज्ज्ञ रोज येतात की आठवड्यातून दोनदा, आणि आल्यावर एका रोग्यास किती मिनिटे देतात, तेही विचारावे. रात्री प्रकृती बिघडली तर कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या वाहनाने नेणार, याचे उत्तर तत्काळ मिळाले पाहिजे.

चौथी गोष्ट भोजन आणि पाणी. पाण्याचा पेला रोग्याच्या हाताशी आहे की खोलीच्या दुसऱ्या टोकाला, हे पाहावे. भरविताना माणसाला ताठ बसवितात की निजल्या निजल्या तोंडात घास घालतात, हे अवश्य पाहावे. निजून भरविलेला घास श्वासनलिकेत जाऊन प्राणावर बेतू शकतो.

पाचवी गोष्ट पैसा. महिन्याचा आकडा ऐकून समाधान मानू नये. त्यात औषधे, डायपर, फिजिओथेरपी आणि डॉक्टरांची भेट येते की प्रत्येकाचे वेगळे, अनामत केव्हा परत मिळते, हे सारे लेखी घ्यावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यापुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेखाली प्रतिकुटुंब वार्षिक 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले आहे. ते कार्ड घरोघरच्या वडीलधाऱ्यांचे अवश्य काढावे. परंतु ते मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. त्यावर केंद्रातील महिनोन्महिन्यांचे बिल भागेल असे धरून चालू नये. ज्यांना खाजगी केंद्र परवडत नाही त्यांनी प्रथम जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी; वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातील 10 खाटांचा वृद्ध कक्ष आणि फिजिओथेरपी यांची योजना आहे. 14567 हा ज्येष्ठांसाठीचा दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवावा.

या पाचही गोष्टींहून मोलाची एक सहावी कसोटी मला अनुभवाने सापडली. पहिल्या केंद्रात प्रश्न आम्ही विचारले आणि उत्तरे त्यांनी दिली. शेवटी निवडलेल्या केंद्रात मात्र तेथील बाईंनी आम्हालाच प्रश्न विचारावयास आरंभ केला. "घराला पायऱ्या किती? उंबरा केवढा? शौचास खाली बसावे लागते की कमोड आहे? आजी दिवसभर काय करीत असत? त्यांना काय खावेसे वाटते? घरी गेल्यावर त्यांच्याजवळ कोण असेल?" मी पुतण्याकडे पाहिले. जे केंद्र घराविषयी विचारते, त्याला रोग्यास घरी पाठवावयाचे असते. जे फक्त खाटेविषयी बोलते, त्याला खाट भरावयाची असते.

त्या केंद्रात आत्याबाई सात आठवडे राहिल्या. आम्ही उभयतांनी आणि पुतण्याने वार वाटून घेतले. ठराविक दिवशी न जाता कोणीतरी आडवारी जात राहिलो. कारण ज्याचे माणूस केव्हाही येऊन उभे राहते, त्या रोग्याकडे दुर्लक्ष होत नाही, हे शाळेइतकेच तेथेही खरे आहे. दरम्यान घरी न्हाणीत खडबडीत फरशी बसविली, भिंतीला धरावयास दांडा लावला, कमोड घेतला. आत्याबाई वॉकर धरून स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडून घरात आल्या. पूर्वीसारख्या मळ्यापर्यंत त्या आता जाऊ शकत नाहीत, ते खरे. परंतु ओसरीवर बसून लसूण सोलतात, आणि न्हाणीत स्वतः जातात. या वयात स्वतः न्हाणीत जाता येणे म्हणजे केवढा मान, हे ज्याचे त्यालाच कळते.

कायद्याचे दोन शब्द सांगणे येथे अगत्याचे आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा 2007 साली झाला. मुलांवर तर त्यात जबाबदारी आहेच. पण निपुत्रिक ज्येष्ठाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला वारशाने मिळणार आहे, त्या ऐपतदार नातेवाइकावरही ती आहे. माझ्यापुरते म्हणाल, तर मला कायद्याची गरज नव्हती. हक्कसोडपत्रावरील तो अंगठा पुरेसा होता. आपणांपैकी कितीजणांच्या घरी असा अंगठा आहे, त्याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

शेवटी एक विनंती. पूर्वी आपल्या मुलांना शिकावयास शहरात जावे लागे, तेव्हा त्यांच्या निवाऱ्याची काळजी ज्ञातिसंस्थांनी वाहिली. ठिकठिकाणी वसतिगृहे निघाली. आज मुले शहरात स्थिरावली आणि वृद्ध गावी राहिले. काळजीची दिशा आता उलटली आहे. मंडळाने इमारत बांधावी असे मी म्हणत नाही. मंडळाने एक वही ठेवावी. ज्या कुटुंबाने आपले माणूस एखाद्या केंद्रात ठेवले असेल, त्याने तेथे काय पाहिले, किती खर्च आला, माणूस कसे परतले, हे त्या वहीत लिहावे. नाशिकमध्ये राहणाऱ्या चार बांधवांनी, गावाकडच्या कुटुंबाने कळविल्यास, केंद्र पाहण्यास बरोबर जावे आणि पुढे आडवारी डोकावून यावे. एवढ्यास पैसा लागत नाही. लाज सोडावी लागते. मी लपविले, म्हणून आत्याबाईंना जखम झाली. दुसऱ्या कोणाच्या आत्याबाईंना ती होऊ नये, एवढ्याचसाठी आज चारचौघांत बोललो. पहिली नोंद माझी घ्यावी, असे मी चिटणिसांना कळविले आहे.