चार फुटांच्या फळीवरची रेल्वे

घरात छोटी रेल्वे उभी करायची म्हटली की लोक लगेच दोन प्रश्न विचारतात. जागा कुठे आहे, आणि खर्च परवडेल का? श्रोतेहो, प्रश्न रास्त आहेत. पण माझ्या मते त्याआधी ठरवायला हवे, की आपल्याला नेमकी कोणती रेल्वे करायची आहे.

बहुतेकांच्या मनात डेक्कन क्वीन किंवा राजधानी असते. आता थोडे गणित करू. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण 'एचओ', म्हणजे खऱ्याच्या ८७वा भाग. या प्रमाणात आपला प्रवासी डबा पाव मीटरच्या आसपास भरतो. चोवीस डब्यांची गाडी सहा मीटर लांब होते, म्हणजे वीस फूट! ती वळवायची कुठे? शिवाय एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे असतात. ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजशी जुळतात. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. म्हणून तयार रुळांवर आपली गाडी नेहमी थोडी अरुंद पायांची दिसते. चालवणारे आनंदाने चालवतात, मलाही त्यात गैर वाटत नाही. मात्र नव्या माणसाने इथून सुरुवात केली, तर दोन इंजिने आणि एक गोल रूळ घेऊन तो महिन्याभरात कंटाळतो. गोल फिरणारी गाडी पाहायला पाचच मिनिटे मजा येते.

मी सुचवतो ती नॅरोगेज. अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ने भागले तर पावणेनऊच्या आसपास येते, आणि 'एन' नावाच्या छोट्या प्रमाणाचे नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. फरक पाव मिलिमीटरचा! अडीच फुटी रेल्वे आपल्या महाराष्ट्राला परकी नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. पुढे ती एकीकडे लातूर आणि दुसरीकडे पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत गेली. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तो मार्ग ब्रॉडगेज झाला. (माथेरानची गाडी दोन फुटी आहे, तिचे रूळ याच हिशेबाने सात मिलिमीटरवर येतात. तिचा नाद दुसऱ्या वर्षी करावा.)

एन प्रमाणाचे एक साधे शंटिंगचे इंजिन घ्यावे. त्याचा वरचा सांगाडा उतरवावा, चाके-मोटरचा भाग ठेवावा आणि त्यावर कार्डशीटचे आपले इंजिन चढवावे. वाघिणी तर नुसत्या पुठ्ठ्याच्याही सुंदर होतात. इंजिन घेताना एक पाहावे: सगळ्या चाकांतून वीज घेते ना? सांध्यावर रूळ एकमेकांना छेदतात, तिथे बहुधा प्लॅस्टिकचा तुकडा असतो, आणि आखूड इंजिन नेमके तिथेच अडते. रुळांना बारा व्होल्ट डीसी लागते, धन-ऋण उलटे केले की गाडी मागे जाते. घरातल्या २३० व्होल्टला हात लावायचा नाही, तयार कंट्रोलरच वापरायचा.

आता जागा. चार फूट लांब, एक फूट रुंद प्लायवूडची फळी. तिच्यावर काय मांडायचे? अ‍ॅलन राइट नावाच्या इंग्रज हौशी माणसाने याचे फार सुरेख उत्तर शोधले, त्याला 'इंगलनूक' म्हणतात. दोन सांधे आणि तीन सायडिंग. एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. दुसऱ्या टोकाला इंजिन आणि तीन वाघिणी उभ्या राहतील एवढाच रूळ. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्यांतून पाच उचलायच्या, आणि त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी जोडायची. जागा इतकी कमी, की एक वाघीण काढायला दुसऱ्या तीन हलवाव्या लागतात. अशा ६,७२० वेगवेगळ्या गाड्या निघतात! माझ्याकडे आलेले पाहुणे चहा थंड करून खेळत बसतात, आणि त्यात मुलांपेक्षा मोठेच जास्त असतात.

जमिनीसाठी बाहेरून काही आणायला नको. चहाचा चोथा धुऊन कडकडीत वाळवला की काळी माती होते. रुळांखालची खडी म्हणजे चाळलेली वाळू. ती कोरडी पसरावी, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकावा आणि ड्रॉपरने सोडावे. साबण नसेल तर पाण्याचे थेंब वाळूवर नुसते घरंगळतात. रूळ मात्र दर आठवड्याला पुसावेत. आपल्याकडची धूळ आणि पावसाळी हवा दोन्ही विजेची वाट अडवतात.

खरी गाडी कशी भरते हे नुसते पाहून यायचे असेल, तर पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ पासून. मुलांना घेऊन जावे.

आणि एक काम फळी विकत घ्यायच्या आधीच करावे. नॅरोगेजवर काम केलेली माणसे आता वयस्क आहेत. जुने फोटो मिळतात, पण बहुतेक काळे-पांढरे. वाघिणीचा रंग, मालधक्क्याचे दार कोणत्या बाजूला, कापसाच्या गाठी कशा रचत, हे त्यांनाच विचारायला हवे. मी दोन निवृत्त कर्मचाऱ्यांना माझ्या फळीवरच्या मालधक्क्याच्या दाराचा रंग विचारला. एक म्हणाले हिरवा, दुसरे म्हणाले तांबडा, आणि मग दोघांचे फोनवर अर्धा तास चालले. दार अजून कोऱ्या पुठ्ठ्याचेच आहे.