पांढरीखालचें नगर
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आज आपण आपल्या ख्रिस्तमंदिराचीं वर्षें मोजीत आहों. अशा मंगल प्रसंगीं, ज्या भूमीवर आपण उभे आहों तिचें वय किती, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. वर्धा शहर वयानें लहान. १८६६ सालीं जिल्ह्याचें ठाणें कवठ्याहून पालकवाडी या खेड्यांत आलें आणि तेथें हें शहर वसलें. परंतु येथून अवघ्या अडीच कोसांवर, धाम नदीच्या कांठीं असलेलें पवनार फार वृद्ध आहे.

शेताची ती काळी व वस्तीची ती पांढरी, ही आपल्या शेतकऱ्यांची जुनी विभागणी. पिढ्यान् पिढ्या माणसें एकाच ठिकाणीं राहिलीं म्हणजे पडलेल्या भिंती, चुलींची राख आणि फुटकीं मडकीं यांचे थरावर थर चढतात. माती पांढुरकी होते व गांव टेकाडावर जाऊन बसतें. पवनारची अशीच पांढरी १९६७ सालीं नागपूर विद्यापीठाच्या वतीनें डॉ. शां. भा. देव व डॉ. म. के. ढवळीकर यांनीं खणली, तेव्हां सातवाहनांच्याही पूर्वीपासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीच्या खुणा तेथें आढळल्या.

वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन, प्रभावतीगुप्तेचा पुत्र, यानें पांचव्या शतकांत आपली राजधानी नंदिवर्धनाहून प्रवरपुरास नेली. तें प्रवरपूर म्हणजेच पवनार, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. १९३८ सालीं विनोबाजी तेथें राहावयास आल्यावर आश्रमाच्या भूमींतून प्राचीन शिल्पें निघालीं. त्यांपैकीं राम-भरतभेटीचें शिल्प आश्रमांत स्थापिलें आहे. पुढें १९९८ पासून रामटेकजवळील मनसर येथें उत्खनन झालें आणि कित्येक विद्वान प्रवरपूर तेथें होतें असें मानूं लागले. या वादाचा निर्णय अखेर मातीच देईल.

रोममधील संत क्लेमेंटच्या मंदिराची कथा आपणांस बोधप्रद वाटेल. १८५७ सालीं फादर मलूली या डोमिनिकन धर्मगुरूंनीं तेथें खोदकाम आरंभिलें. बाराव्या शतकांतील मंदिराखालीं चौथ्या शतकांतील मंदिर सांपडलें आणि त्याच्याही खालीं मिथ्र देवतेचें स्थान व पहिल्या शतकांतील इमारती निघाल्या. वरच्या मंदिरांत आजही प्रार्थना चालते. खालचा थर वरच्यास उणेपणा आणीत नाहीं. उलट त्याचाच त्यास आधार असतो.

आतां एक कबुली. बाळपणीं आम्हींही घर लिंपण्यासाठीं पांढरीची माती टोपल्या भरभरून आणली आणि तींतून निघालेलीं खापरें कुंपणाबाहेर भिरकावलीं. तें निरुपयोगी कचरा आहे, असेंच आम्हांस वाटे. खापर आपल्या थरांत असेल तरच काळ सांगतें. थरांतून उपटलें कीं तें मुकें होतें. ग्रंथाचें फाटलेलें पान कदाचित् दुसऱ्या प्रतींत मिळेल. पांढरीची दुसरी प्रत नसते.

म्हणून या ज्युबिली वर्षांत एवढाच निश्चय करूं या : आपल्या गांवची पांढरी खतासाठीं वा भरावासाठीं उकरूं द्यावयाची नाहीं, नांगराला मूर्ति किंवा नाणें लागलें तर तें लपवावयाचें नाहीं, जाणत्यांस कळवावयाचें. एके दिवशीं आपणही कोणाच्या तरी पायांखालचा थर होणार आहों. आपल्या वंशजांनीं आपणांस ज्या आदरानें वाचावें, त्याच आदरानें आपण पूर्वजांस वाचावें, हेंच उचित.