पाठराखीण

(कोल्हापूर येथील वसंत व्याख्यानमालेत १२ मे या जागतिक परिचारिका दिनी दिलेले व्याख्यान)



मागच्या रांगांत माझ्या काही सिस्टर बसल्या आहेत. दुपारची ड्युटी संपवून त्या थेट इकडे आल्यात. आजचा विषय त्यांच्या कामाचा आहे, पण तो तुमच्याही घरचा आहे. आपल्यात असे घर सापडणार नाही, ज्यातले कोणीच दवाखान्यात राहून आलेले नाही.

मी २८ वर्षे या पेशात आहे. पहिली १९ वर्षे वॉर्डात आणि आयसीयूत काढली. पुढची ९ वर्षे मी पेशंटच्या फाइली, मंजुऱ्या, डिस्चार्ज आणि घरी गेल्यानंतरची चौकशी हे काम करते. पाश्चात्त्य देशांत याला केस मॅनेजमेंट म्हणतात. आपल्याकडे म्हणतात, "सिस्टरना आता डेस्कवर घेतलंय." हे वाक्य ऐकणाऱ्याला वाटते, बाई दमल्या, त्यांना बसून करायचे काम दिले. ते काम काय असते, ते आधी सांगते.

चंदगड तालुक्यातल्या एक आजी होत्या. घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन उत्तम झाले, टाके कोरडे, ताप नाही. डॉक्टरांनी राउंडला सांगितले, उद्या सोडा. मी सुनेला बाजूला घेतले आणि विचारले, "घरात संडास कुठंय?"

"परड्यात हाय सिस्टर. तीन पायऱ्या उतरून."

"आणि आजी झोपतात कुठं?"

"खालीच की. वाकळंवर."

खुब्याच्या त्या ऑपरेशननंतर उकिडवे बसायचे नसते, जमिनीवरून उठबस करायची नसते. म्हणजे आमच्याकडे दहा दिवस जे जपले, ते घरी पहिल्या सकाळीच मोडणार होते. त्यात आजींना इन्शुलिन, आणि घरात फ्रीज नाही. त्या दुपारी मी चार गोष्टी केल्या. खाट आणि कमोडची खुर्ची कुठून मिळेल ते मुलाशी बोलून ठरवले. वॉकर घेऊन उंबरा कसा ओलांडायचा ते फिजिओथेरपिस्टकडून सुनेला करून दाखवले. इन्शुलिनची बाटली डब्यात बंद करून ओल्या माठात कशी ठेवायची ते शिकवले. आणि गावच्या आशाताईंना फोन करून टाके काढायची तारीख कळवली. दीड महिन्याने आजी वॉकर धरून, स्वतःच्या पायांनी ओपीडीत आल्या. त्यांच्या ऑपरेशनची नोंद रजिस्टरमध्ये आहे. परड्यातल्या त्या तीन पायऱ्यांची नोंद कुठेही नाही.

आपल्याकडे नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत पाठराखीण जायची. घर कसे आहे, माणसे कशी आहेत, पोरीला काय हवे-नको, हे ती पाहायची आणि माहेरी येऊन सांगायची. या कामासाठी कोणी अल्लड पोरगी पाठवत नसत. चार घरे पाहिलेली, चेहरा वाचता येणारी जाणती बाई निवडत. दवाखान्यातून घरी निघालेल्या माणसालाही अशीच पाठराखीण लागते. अनुभवी नर्स ते काम करते.

हे काम काही आजचे नाही. १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड नावाच्या नर्सने गरीब वस्तीत राहून घरोघरी जायला सुरुवात केली. रोग्याबरोबर त्याची खोली, त्याची कमाई, त्याचे अन्न यांचीही ती काळजी करू लागली. तो या कामाचा एक उगम. दुसरा उगम पैशाचा आहे. १९८३ पासून अमेरिकन सरकारने वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत रुग्णालयांना झालेल्या खर्चाप्रमाणे पैसे देणे थांबवले आणि आजाराप्रमाणे ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. पेशंट चार दिवस जास्त राहिला तर तो खर्च रुग्णालयाच्या अंगावर. मग प्रत्येक केसवर लक्ष ठेवणारी जाणती माणसे लागू लागली, आणि रुग्णालयांनी नर्सना त्या खुर्चीवर बसवले.

आपल्याकडे तीच गोष्ट 'पॅकेज' या शब्दाने आली. २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ मध्ये ती कोल्हापूरसह सगळ्या महाराष्ट्रात आली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पुढे आयुष्मान भारत तिला जोडली गेली आणि आता ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन माणूस येतो, रुग्णालयात बसणारा योजनेचा आरोग्यमित्र नोंद करतो, कागद आणि तपासण्या मंजुरीसाठी जातात, मंजुरी आली की उपचार, मग डिस्चार्ज, मग क्लेम. योजनेच्या मूळ पॅकेजमध्ये पेशंटला घरी पोचवणारे एसटीचे भाडेसुद्धा धरलेले होते. ज्याने हे लिहिले त्याला माणूस घरी पोचण्याचे महत्त्व कळत होते. कर्नाटकाच्या सीमाभागातल्या ८६५ गावांनाही राज्य सरकारने ही योजना लागू केली. निपाणीकडचा माणूस दारात उभा राहिला की त्याचे गाव त्या यादीत आहे का, हे डेस्कवरच्या सिस्टरला ठाऊक असावे लागते.

आता कोणी म्हणेल, एवढे तर संगणकावर बसणारा मुलगाही करील. एक रात्र सांगते. न्यूमोनियाचा पेशंट, व्हेंटिलेटरवर होता. क्लेमवर क्वेरी आली: व्हेंटिलेटरची गरज सिद्ध होत नाही. फाइलमध्ये सकाळचा रिपोर्ट होता, संध्याकाळचा होता, दोन्ही बरे दिसत होते. डेस्कवरच्या मुलाने हात टेकले. मी नर्सिंग चार्ट उघडला. रात्री ३ वाजून १० मिनिटांनी नाईटच्या सिस्टरने लिहिले होते: ऑक्सिजन ८२, श्वास ४०, पेशंट घामाघूम, डॉक्टरांना कळवले. त्या एका ओळीवर क्लेम सुटला. ती ओळ कुठे असेल हे मला माहीत होते, कारण अशा ओळी मी १९ वर्षे लिहिल्या होत्या. या खुर्चीवर बसणाऱ्या नर्सच्या गाठीला अशा रात्री लागतात.

आता मुद्द्यावर येते. पहिली काळजी ही, की या खुर्चीला नाव नाही.

वॉर्डातल्या कामाला आपल्या सरकारी मराठीत पूर्ण शिडी आहे: अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. प्रत्येक पायरीला हुद्दा आहे, वेतनश्रेणी आहे. पेशंटला दारातून घरापर्यंत पोचवणाऱ्या नर्सला या शिडीवर पायरी नाही. खासगी रुग्णालयांत तिला कधी कोऑर्डिनेटर म्हणतात, कधी एक्झिक्युटिव्ह, कधी विम्याचे क्लेम पाहते म्हणून नुसतेच 'टीपीए मॅडम'. नाव नाही म्हणून नेमणुकीचा कागद नाही, कागद नाही म्हणून बढती नाही. मी एक नोकरी सोडली तेव्हा मिळालेल्या अनुभवाच्या दाखल्यावर नर्स हा शब्दच नव्हता. पुढच्या मुलाखतीत मला सांगण्यात आले, तुमची ही चार वर्षे नर्सिंगमध्ये धरता येणार नाहीत. त्या चार वर्षांत मी किती माणसांच्या उशाशी बसून त्यांना घरी जायला तयार केले होते, ते त्या दाखल्यावर कुठे दिसणार?

पगाराचेही सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जानेवारीत खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या स्थितीसाठी समिती नेमायला सांगितले. समितीने शिफारस केली: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर पगार सरकारी नर्सइतका; १०० पेक्षा जास्त असतील तर फार तर १० टक्के कमी; ५० ते १०० खाटांत फार तर २५ टक्के कमी; त्याहून लहान ठिकाणीही महिना २० हजारांच्या खाली नाही. आज या सभागृहात बसलेल्या माझ्या किती बहिणींना हे आकडे लागू झाले, ते त्यांचे त्या जाणतात. आणि जिची नेमणूकच नर्स म्हणून नाही, तिने ही शिफारस कोणाला दाखवायची?

दुसरी काळजी मनाची आहे. डेस्कवरची नर्स दोन्हीकडून ओढली जाते. व्यवस्थापन म्हणते, बेड लवकर मोकळा करा. नातेवाईक म्हणतात, अजून दोन दिवस राहू द्या. विमा कंपनी म्हणते, कागद पुरे नाहीत. पैशाचे वाईट वर्तमान डॉक्टर सांगत नाहीत, मालक सांगत नाहीत, ती सांगते, आणि राग तिच्यावर निघतो. क्वचित कोणी हळूच सुचवतो, "सिस्टर, फाइलमध्ये एवढी तारीख बघा की." माझ्या तरुण बहिणींनो, अशा वेळी हात मागे घ्या. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर तुमचे नाव आहे, सुचवणाऱ्याचे नाही. आणि कोणी अंगावर धावून आले तर २०१० चा महाराष्ट्राचा कायदा तुमच्याही रक्षणासाठी आहे. दवाखान्यातल्या माणसावर हात उचलला तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो कायदा डॉक्टरांइतकाच नर्सचाही आहे.

तिसरी काळजी शरीराची आणि घराची. चाळिशी ओलांडली की पेशंट उचलून कंबर गेलेली असते, पायांच्या शिरा फुगलेल्या असतात, नाईट झेपत नाही. म्हणून नर्स डेस्क मागते, यात कमीपणा कसला? पण इथे नाईट नसली तरी मोबाइल असतो. रात्री दहाला पेशंटच्या मुलाचा फोन येतो, "सिस्टर, टाक्यातनं पाणी येतंय." तो फोन टाळता येत नाही, आणि ती ड्युटी कोणत्याही रोस्टरमध्ये लिहिलेली नसते.

तर करायचे काय? सिस्टरना आधी सांगते. नोंदणीचे नूतनीकरण कधीही चुकवू नका. खुर्ची बदलली तरी तुम्ही नर्स आहात याचा तोच पुरावा. बदली तोंडी स्वीकारू नका, हुद्दा आणि कामाचे स्वरूप लेखी मागा, आणि त्यात नर्स हा शब्द असू द्या. एक वही ठेवा. महिन्याला किती केस हाताळल्या, किती क्वेरी सोडवल्या, किती पेशंट पुन्हा दाखल होण्यापासून वाचले, हे नाव न घालता लिहा. बढती मागायला जाताना ती वही बोलते. जीएनएम ही नर्सिंगची पदविका झालेल्या असाल तर नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक बीएस्सीचा विचार करा. इग्नूसारख्या विद्यापीठातून ती वाट आहे. संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता विभाग, विमा कंपन्यांची फाइल तपासणी, डायलिसिस आणि कॅन्सरच्या पेशंटचे समन्वयन, ही सगळी दारे वॉर्डाच्या अनुभवाने उघडतात.

रुग्णालय चालवणाऱ्यांनाही हात जोडून सांगते. या कामाला पद द्या, त्या पदाला श्रेणी द्या. एका नर्सकडे किती केस याला मर्यादा ठेवा. फोनसाठी दवाखान्याचा वेगळा नंबर द्या आणि तो पाळीपाळीने सांभाळायला लावा. पैशाचे कठीण बोलणे असेल तेव्हा तिच्याशेजारी एक जबाबदार डॉक्टर उभा करा.

हे मागणे कोल्हापूरला नवे वाटू नये. आपल्या सीपीआर रुग्णालयाला जुनी माणसे अजून थोरला दवाखाना म्हणतात. त्याचे नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होते तेव्हा तिथे डॉ. कृष्णाबाई केळवकर काम करत. शाहू महाराजांनी त्यांना पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले होते. बाई हुशार आहे असे म्हणून महाराज थांबले नाहीत. शिक्षण दिले, जागा दिली, अधिकार दिला. गुणाची कदर करण्याची रीत या गावाने तेव्हा पाहिली आहे.

शेवटी पुन्हा त्या पाठराखिणीकडे येते. ती माहेरी परत आली की घरातली थोरली माणसे तिला समोर बसवून विचारायची, कसे आहे घर, कशी आहे पोर? ती जे सांगेल त्यावर पुढचे निर्णय व्हायचे. दवाखान्यातल्या पाठराखिणीलाही महिन्यातून एकदा असे समोर बसवा. अधीक्षक, डॉक्टर, हिशेब पाहणारे, सगळ्यांनी बसा आणि तिला विचारा: घरी गेलेली माणसे कशी आहेत, कोण परत आले, का परत आले? ती तुम्हाला परड्यातल्या तीन पायऱ्या सांगेल. त्या ऐकून घ्या, लिहून घ्या, आणि त्या लिहिलेल्या कागदावर तिचे नाव आणि हुद्दा घाला.