राखण : एका लहान देशाची

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी बोल, पण आम्हाला कळेल असं बोल." यातली दुसरी अट अवघड आहे. मी गेली वीस-बावीस वर्षं बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमचं काम नीट चाललं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि बिघडलं की सगळ्या गावाला कळतं. म्हणून आज स्वतःच्या कामाऐवजी एका देशाबद्दल बोलते. एस्टोनिया. भूगोलाच्या पेपरात नकाशात दाखवा म्हटलं असतं, तर आपल्यातल्या निम्म्यांचा एक गुण गेला असता.

बाल्टिक समुद्राच्या काठी, फिनलंडच्या समोर हा देश आहे. लोकसंख्या साधारण १३ लाख ७० हजार, म्हणजे पुणे शहराच्या निम्मीही नाही. क्षेत्रफळ ४५ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचा जेमतेम सातवा हिस्सा. आणि पूर्वेला शेजारी कोण, तर रशिया. सुमारे ३०० किलोमीटरची सीमा, त्यातली बरीचशी पाइपसी सरोवरातून आणि नार्वा नदीतून जाते.

हा शेजार कसा आहे ते इतिहासाच्या बाईंना आवडेल अशा क्रमाने सांगते. १९१८ मध्ये एस्टोनिया स्वतंत्र झाला. १९२० मध्ये तार्तू इथे करार करून सोव्हिएत रशियाने ते स्वातंत्र्य मान्य केलं. १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी गुप्त करारात पूर्व युरोप वाटून घेतला, आणि १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी एस्टोनिया ताब्यात घेतला. मध्ये तीन वर्षं जर्मन, १९४४ पासून पुन्हा सोव्हिएत. मार्च १९४९ मध्ये अवघ्या काही दिवसांत वीस हजारांहून अधिक माणसं मालगाड्यांत भरून सैबेरियाकडे पाठवली गेली. त्यात बायका, मुलं आणि म्हातारी माणसंच जास्त होती. २० ऑगस्ट १९९१ ला देशाने पुन्हा स्वातंत्र्य जाहीर केलं, तरी शेवटचं रशियन सैन्य बाहेर पडायला ऑगस्ट १९९४ उजाडलं.

आता एक योगायोग बघा. आपण दहावीला बसलो ते साल १९९६. आपल्या संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, एका पडद्यासमोर चौघांनी बसायचं, आणि धुळीला घाबरायचं. त्याच वर्षी एस्टोनियाने 'वाघाची झेप' नावाची योजना जाहीर केली : प्रत्येक शाळेत संगणक आणि इंटरनेट. देश गरीब होता, तेल नाही, मोठे कारखाने नाहीत. माणसं मोजकी, म्हणून कामं यंत्रांवर टाकायची, असा सरळ हिशेब होता. २००१ मध्ये सरकारी खात्यांच्या माहितीची सुरक्षित देवाणघेवाण करणारी व्यवस्था आली, २००२ मध्ये प्रत्येकाला चिप असलेलं ओळखपत्र, आणि २००५ मध्ये स्थानिक निवडणुकीत घरबसल्या इंटरनेटवरून मतदान. देशभराच्या पातळीवर असं मतदान जगात पहिल्यांदा तिथे झालं. आपल्यातले जे अमेरिकेला गेले आणि रविवारी स्काइपवरून आईशी बोलायचे, त्यांच्यासाठी सांगते, ते स्काइप लिहिणारे प्रोग्रॅमरही एस्टोनियाचेच.

पण सगळा संसार एका माळ्यावर ठेवला की शिडी ओढून घेणाऱ्याचं फावतं. एप्रिल २००७ मध्ये तेच झालं.

राजधानी टालिनच्या मध्यभागी सोव्हिएत काळात उभारलेला एका सैनिकाचा ब्राँझचा पुतळा होता. तिथल्या रशियन भाषकांसाठी तो नाझींवरच्या विजयाचा आणि गेलेल्या आजोबांचा पुतळा. एस्टोनियनांसाठी तो ज्यांनी आजीला सैबेरियात नेलं त्यांचा पुतळा. सरकारने तो हलवून लष्करी दफनभूमीत नेला. दोन रात्री दंगल झाली, एक तरुण मारला गेला. आणि त्याच वेळी देशाच्या संगणकांवर हल्ला सुरू झाला.

हा हल्ला म्हणजे काय? एसटी स्टँडवरची आरक्षणाची खिडकी डोळ्यांसमोर आणा. समजा हजार माणसं रांगेत उभी राहिली. त्यांना तिकीट नकोच आहे. प्रत्येकजण खिडकीशी येतो, "गाडी कितीची?" विचारतो आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जातो. खिडकी फुटलेली नाही, कारकून जागेवर आहे, चोरीही झालेली नाही, पण ज्याला खरंच गावी जायचंय त्याला तिकीट मिळत नाही. संगणकाच्या दुनियेत ही रांग जगभरातल्या हजारो घरगुती संगणकांची असते, आणि आपला संगणक त्या रांगेत उभा आहे हे मालकाच्या गावीही नसतं.

जवळपास तीन आठवडे हे चाललं. मंत्रालयं, संसद, वर्तमानपत्रं, बँका. सगळ्यात मोठ्या बँकेला ऑनलाइन सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. उपाय म्हणून परदेशातून येणारी रहदारी तोडली गेली. देश आतून चालू राहिला, पण बाहेरच्या जगाला आमच्यावर काय गुदरलंय हे सांगायची दारंही त्यामुळे बंद झाली.

हे कुणी केलं? रशियन सरकारने हात झटकले आणि तपासात सहकार्य करायलाही नकार दिला. पुढे २००९ मध्ये क्रेमलिनसमर्थक युवक संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याने यात आपला सहभाग होता असं सांगितलं. न्यायालयात शिक्षा मात्र एकालाच झाली, तीही दंडाची. तो एस्टोनियातच राहणारा, रशियन भाषक विद्यार्थी होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे.

आमच्या क्षेत्रात २००७ साल म्हटलं की एस्टोनिया आठवतो. पण मला त्या हल्ल्यापेक्षा त्यानंतरची पंधरा वर्षं जास्त शिकवून गेली. त्यातल्या तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, त्यांनी सामान्य माणसाला राखणीला घेतलं. त्यांच्याकडे 'काइट्सेलीट' नावाचं स्वयंसेवकांचं संरक्षण दल आहे. नोकरी-धंदा सांभाळून लोक तिथे शनिवार-रविवार सराव करतात. हल्ल्यानंतर या दलात एक सायबर तुकडी उभी राहिली. त्यात बँकेतले, टेलिफोन कंपन्यांतले, इतर खासगी कंपन्यांतले माझ्यासारखे नोकरदार लोक आहेत. पीक तयार झालं की आपल्याकडे घरटी एक माणूस राखणीला जातो ना, तसंच. शिवाय २००८ मध्ये नाटोचं सायबर संरक्षण केंद्र टालिनमध्ये सुरू झालं. संगणकी हल्ल्यांना आंतरराष्ट्रीय कायदा कसा लागू होतो, यावर तज्ज्ञांनी लिहिलेली 'टालिन मॅन्युअल' तिथूनच निघाली. आणि २०१० पासून हे केंद्र दरवर्षी एक मोठी तालीम घेतं. 'बेरिलिया' नावाचा काल्पनिक देश, त्याची वीज, त्याच्या बँका, त्याचं पाणी, यांवर खरेखुरे हल्ले चढवायचे आणि अनेक देशांच्या संघांनी ते परतवायचे. हरले तर तालमीत हरतात.

दुसरी गोष्ट, त्यांनी दुखणं झाकलं नाही. २०१७ च्या ऑगस्टअखेर परदेशी संशोधकांनी त्यांना कळवलं की तुमच्या ओळखपत्रातल्या चिपमध्ये गणिताचा दोष आहे. साडेसात लाख कार्डांचा प्रश्न, आणि दीड महिन्यावर निवडणूक. कुठल्याही सरकारला वाटेल, निवडणूक होऊ दे, मग बघू. त्यांच्या पंतप्रधानांनी ५ सप्टेंबरला पत्रकार परिषद घेऊन सांगून टाकलं. निवडणूक झाली, इंटरनेटवरचं मतदानही झालं. नोव्हेंबरमध्ये दोष असलेल्या कार्डांची डिजिटल प्रमाणपत्रं थांबवली आणि लोकांनी घरूनच कार्डं अद्ययावत केली. सर्व्हर पडला की बैठकीत पहिला प्रश्न येतो, "चूक कुणाची?" मी असे कितीतरी तास बसून ऐकलेत. "लोकांना कधी सांगायचं?" हा प्रश्न पहिला आला, तर अर्धं काम तिथेच होतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात भावते. त्यांनी देश हरवला तर काय, याचाही विचार केला. १९४० मध्ये देश गिळला गेला, पण अमेरिकेने तो ताबा कधीच मान्य केला नाही आणि न्यूयॉर्कमधली एस्टोनियाची वकिलात सगळी वर्षं चालू राहिली. जमीन नव्हती, पण कागदावर देश जिवंत होता. २०१७ मध्ये त्यांनी लक्झेंबर्गशी करार केला आणि तिथे 'माहितीची वकिलात' उघडली. लोकसंख्येची, जमिनीची, कायद्यांची नोंद तिथल्या सर्व्हरवर असते आणि त्या जागेला दूतावासासारखं संरक्षण आहे. उद्या कुणी टालिनमध्ये रणगाडे आणले, तरी कुणाचं शेत कुणाचं आणि कोण या देशाचा नागरिक, हे पुसता येणार नाही. आपण ज्याला रूक्षपणे 'बॅकअप' म्हणतो, त्यामागे एवढी मोठी आठवण असू शकते.

याचा निकाल लागला ऑगस्ट २०२२ मध्ये. युक्रेनवर रशियाचं आक्रमण होऊन सहा महिने झाले होते. सरकारने नार्वा शहराजवळचा सोव्हिएत रणगाड्याचा पुतळा हलवला. पुन्हा पुतळा, पुन्हा संताप, पुन्हा तसाच हल्ला. एका रशियन हॅकर गटाने श्रेयही घेतलं. २००७ नंतरचा तो सर्वांत मोठा हल्ला होता, असं सरकारच्या माहिती तंत्रज्ञानप्रमुखांनी सांगितलं. आणि बहुतेक लोकांना तो जाणवलासुद्धा नाही. खिडक्या आता अनेक होत्या, आणि नुसती चौकशी करणारे कोण हे दारातच ओळखता येत होतं.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण गोष्ट इथे संपत नाही.

नार्वा हे नदीकाठचं शहर. नदीच्या या तीरावर एक किल्ला, त्या तीरावर रशियाचा इवानगोरोदचा किल्ला, दोघे एकमेकांकडे बघत उभे. २०२३ पासून दरवर्षी ९ मे रोजी, सोव्हिएत विजयदिनी, पलीकडे भला मोठा पडदा लावून विजयाचा कार्यक्रम दाखवतात, तोंड नार्वाकडे करून. आणि या तीरावर माणसं तो बघायला जमतात. कारण नार्वातले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक रशियन भाषक आहेत. १९४४ मध्ये हे शहर बेचिराख झालं, मूळ रहिवाशांना बहुतांशी परतू दिलं नाही, आणि कारखान्यांसाठी रशियातून कामगार आणून वसवले. त्यांची नातवंडं आज तिथे राहतात. त्यांना दुसरं गाव नाही.

या लोकांचं काय करायचं? २०२४ पासून रशियन माध्यमाच्या शाळा टप्प्याटप्प्याने एस्टोनियन भाषेत नेल्या जात आहेत. मार्च २०२५ मध्ये घटनादुरुस्ती करून एस्टोनियात राहणाऱ्या रशियन आणि बेलारूसी नागरिकांचा स्थानिक निवडणुकांतला मताधिकार काढण्यात आला. सरकार म्हणतं, ही सुरक्षा आहे. तिथला एखादा निवृत्त गिरणी कामगार म्हणेल, मी पन्नास वर्षं इथे आहे, माझा अपराध काय? मला दोघांचंही ऐकू येतं. १९४९ ची मालगाडी ज्या घरातून गेली त्या घराला सावध राहायचा हक्क आहे. पण शाळेची भाषा आणि सीमेची रेषा यांची धग काय असते, हे बेळगावकडच्या आपल्या नातेवाइकांना विचारा. २००७ मध्ये ज्याला दंड झाला तो मुलगा आठवा. सर्व्हरला भिंत घालता येते. स्वतःच्याच देशात परकं वाटणाऱ्या माणसाला भिंत घातली, तर तो भिंतीच्या कुठल्या बाजूला उभा राहील? तेरा लाखांच्या देशाला याचं उत्तर अजून सापडायचं आहे, आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही.

मग आपण काय घ्यायचं? आपल्या या वर्गातले कुणी बँकेत आहेत, कुणी महावितरणमध्ये, कुणी नगरपालिकेत, दोघी-तिघी मुख्याध्यापिका आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली कुणाची तरी माहिती आहे. म्हणून तीनच विनंत्या. कार्यालयातली नोंदीची प्रत नुसती ठेवू नका, वर्षातून एकदा ती उघडून खरंच सगळं परत मिळतं का ते बघा. फसवणूक झाली तर लपवू नका. आपल्या आई-वडिलांना तर हे आवर्जून सांगा, कारण लाजेपायी गप्प बसलेल्या म्हाताऱ्या माणसालाच चोर दुसऱ्यांदा फोन करतो. आणि आपल्या बॅचच्या ग्रुपवर आजपासून एक नियम करू या : कुणाच्याही नावाने पैसे मागणारा निरोप आला, तर आधी त्याला फोन करायचा, आवाज ऐकायचा, मगच पुढचं. तीस वर्षांनी भेटलोय, एवढं निमित्त पुरे आहे फोन करायला.

राखण एकट्याने होत नाही, आणि ज्याला शेत आपलं वाटतं तोच रात्रभर जागतो. सर, बाई, तुम्ही हे आम्हाला वेगळ्या शब्दांत शिकवलंच होतं. मी फक्त नकाशावरची जागा दाखवली.