बबूनचे अश्रू म्हणजे शेपूचा रस



मंत्रतंत्राच्या पोथीत ‘बबून माकडाचे अश्रू घ्यावेत’ असं लिहिलेलं असेल, तर ते आणायचे कुठून? सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या इजिप्तमध्ये याचं उत्तर ग्रीक भाषेत लिहून ठेवलेलं होतं. बबूनचे अश्रू म्हणजे शेपूचा रस. सापाचं डोकं म्हणजे जळू. सापाचं रक्त म्हणजे हेमॅटाइट, लोखंडाचं लालसर खनिज. आणि मगरीची विष्ठा म्हणजे इथिओपियाची माती! ही यादी चांगली लांबलचक आहे. देवळातल्या लेखनिकांनी अशी नावं मुद्दाम ठेवली, उठसूट कुणीही मंत्रतंत्र करू नये म्हणून, असा खुलासाही तिच्या आरंभीच केलेला आहे.

ही यादी ज्या पपायरसवर आहे, तो आज हॉलंडमधल्या लायडनच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहे. तो तिथे पोचला जोव्हानी अनास्तासी या व्यापाऱ्यामुळे. अलेक्झांड्रियात स्वीडन-नॉर्वेचा वाणिज्यदूत असलेल्या या गृहस्थानं जुन्या वस्तूंचा प्रचंड साठा जमवला. त्यातला मोठा भाग डच सरकारनं १८२८ मध्ये विकत घेतला. एक पपायरस १८३२ मध्ये भेट म्हणून स्टॉकहोमला गेला. बाकीचे काही पुढे पॅरिस आणि लंडनला गेले. यातले बरेचसे पपायरस थीब्ज, म्हणजे आजच्या लक्सरच्या परिसरात सापडले असावेत.

पॅरिसमधल्या एका पपायरसवर मंत्रतंत्राच्या तीन हजारांहून अधिक ओळी आहेत. त्यातला एक वशीकरणाचा विधी पाहा. मातीची किंवा मेणाची बाई करायची, गुडघे टेकलेली, हात पाठीमागे बांधलेले. मग तांब्याच्या तेरा सुया तिच्या अंगात टोचायच्या. मेंदूत एक, दोन्ही कानांत, दोन्ही डोळ्यांत, तोंडात, हातांत, थेट तळपायांपर्यंत. प्रत्येक सुईबरोबर म्हणायचं की, हिला माझ्यावाचून कुणाचीही आठवण न होवो. हे सगळं कागदावरच राहिलं असेल असं वाटतं ना? पण इजिप्तमधूनच आलेली, तेरा सुया टोचलेली मातीची एक बाहुली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यासोबत शिशाचा पत्रा होता आणि त्यावर मंत्र कोरलेला होता.

अनास्तासीच्या साठ्यात आणखी दोन पपायरस होते, एक लायडनला गेलेला, दुसरा स्टॉकहोमला. दोन्ही एकाच लेखनिकाच्या हातचे असावेत, असं अभ्यासक मानतात. काळ इसवी सनाचं तिसरं-चौथं शतक. किमयेच्या इतिहासात यांचं स्थान फार वरचं. पण परीस, अमृत, आत्म्याची शुद्धी असं काही शोधायला जाल, तर पदरी निराशा येईल. आत आहेत कारागिराच्या कृती. सोन्यात भेसळ करून वजन कसं वाढवावं, चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू कसा ओतावा, स्फटिकाला जंगाल लावून पाचूचा रंग कसा आणावा, महागड्या जांभळ्या रंगाची नक्कल स्वस्त वनस्पतींतून कशी काढावी. एका ठिकाणी तर हा माल कारागिरांनाही फसवील, अशी ग्वाही आहे. ही नक्कल आहे, हे लिहिणाऱ्याला पुरतं ठाऊक होतं.

म्हणून तर खऱ्या सोन्याची परीक्षाही तिथेच दिली आहे. सोनं पुन्हा वितळवून तापवा. रंग टिकला तर शुद्ध. पांढुरकं पडलं तर चांदीची भेसळ, खरखरीत आणि कडक झालं तर तांबं नि कथील, काळं नि मऊ पडलं तर शिसं.

‘गंधकाचं पाणी’ ही कृतीही अशीच नेमकी आहे. एक द्राक्मा वजनाचा चुना, तितकाच कुटलेला गंधक, त्यावर जहाल व्हिनेगर किंवा कोवळ्या मुलाचं मूत्र. वरचं पाणी रक्तासारखं दिसेपर्यंत खालून जाळ द्यायचा आणि गाळ टाकून ते वापरायचं. चुना आणि गंधक उकळले की पॉलिसल्फाइडं ही गंधकाची संयुगं तयार होतात. चांदीवर त्यांच्यामुळे पातळ थर बसला की ती सोन्यासारखी पिवळसर दिसू लागते. इथे ना मंत्र, ना देवाची आळवणी. मात्र स्टॉकहोमच्या पपायरससोबत एक सुटं पान मिळालं, त्यावर सूर्यदेवाला केलेलं आवाहन आहे. दोन्ही विद्या एकाच घरात नांदत होत्या, पण कारागीर भट्टीपाशी उभा राहिला की भिस्त ठेवत होता ती वजनावर, आचेवर आणि रंगावर.

राज्यकर्त्यांना किमयेची धास्ती वाटलीच. इजिप्तमधलं बंड मोडल्यावर सम्राट डायोक्लेशियननं सोनं-चांदी बनवण्याची पुस्तकं जाळायला लावली, असं नंतरच्या बायझंटाइन लेखकांनी लिहिलं आहे.

अर्ल केली या अमेरिकन रसायनतज्ज्ञानं कृतींच्या या दोन्ही पपायरसचे इंग्रजी अनुवाद १९२६ आणि १९२७ मध्ये रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठीच्या एका मासिकात छापले. आपल्याकडच्या शिक्षकांनीही यातल्या कृती वर्गात जरूर वाचून दाखवाव्यात. प्रयोग मात्र घरी करू नका. गंधक-चुन्याच्या त्या पाण्यात व्हिनेगर पडलं की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो.