लग्नातला फोटोवाला आणि त्याची मजुरी



कामगार चळवळीतला माणूस लग्नाच्या फोटोंवर काय बोलणार, असे कार्यक्रमपत्रिका वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल. तसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. तेथे पगारपत्रके वाचता वाचता मला हिशेब कळू लागला. आज मी एका वेगळ्या धंद्याचा हिशेब आपल्यापुढे मांडणार आहे. या धंद्याशी माझा संबंध कसा आला, ते आधी सांगतो.

२०२३ सालच्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आमच्या कचेरीत आले. त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा एका फोटोग्राफरकडे लाईट धरण्याचे काम करीत असे. वरात संपायला रात्रीचे दोन वाजले. दुसऱ्या गावी सकाळी सातला हळद होती. मधल्या वेळात मोटारसायकलवरून जाताना मुलाला झोप लागली आणि तो उभ्या ट्रकवर आदळला. वडिलांनी मला विचारले, "दादा, भरपाई कोणाकडे मागायची?" मी सवयीने हजेरीपट कोठे आहे, असे विचारले. हजेरीपट नव्हता. नेमणुकीचे पत्र नव्हते. फोनवर एक निरोप होता, "उद्या सातला ये."

मी त्या फोटोग्राफरला भेटायला गेलो तो भांडायच्या तयारीनेच गेलो. पण तेथे भांडायला कोणी सापडले नाही. त्याने स्वतःची मोठी लेन्स विकून मुलाच्या घरी पैसे पोहोचवले होते. कॅमेऱ्याचे हप्ते थकले होते आणि तीन रात्री तोही झोपला नव्हता. इचलकरंजीकडे दुसऱ्याचे सूत घेऊन जॉबवर कापड विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाला खर्चीवाला म्हणतात. माग त्याचा, कर्ज त्याचे, आणि भाव मात्र दुसऱ्याच्या हातात. हा फोटोग्राफर मला तसाच वाटला.

ही पाळी या धंद्यावर का आली, ते थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. फोटोग्राफीची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. म्हणजे ही विद्या आपल्याकडे फार लवकर आली. परंतु तिच्यावर पोट भरणे तेव्हाही सोपे नव्हते. पुढे चित्रपटांचे जनक म्हणून ज्यांची कीर्ती झाली त्या दादासाहेब फाळक्यांनी तरुणपणी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला होता. तोही पुढे त्यांना सोडावा लागला.

तरीही रोलच्या काळात या धंद्याला एक कुंपण होते. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. मोठ्या रोलवर चौकोनी फोटो काढावयाचे तर बाराच. प्रत्येक खटक्याला पैसे पडत आणि चूक झाली तर ती रोल धुतल्यावरच कळे. हे ज्ञान मिळवायला चार वर्षे उस्तादाच्या हाताखाली काढावी लागत. डिजिटल कॅमेरा आला आणि हे कुंपण गेले. रोल विकून जगभर पसरलेल्या कोडॅक कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. आज हप्त्यावर कॅमेरा मिळतो, चूक पडद्यावर लगेच दिसते, आणि सहा महिन्यांत मुलगा फोटोग्राफर म्हणून पाटी लावतो. यात त्या मुलाचा दोष नाही. शिकलेल्या पोराला नोकरी मिळत नसेल तर त्याने काय करावे? पण गल्लीत एकाचे पाच झाले, आणि लग्ने काही पाचपट झाली नाहीत.

शिवाय हा धंदा बारमाही नाही. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की बहुतेक ठिकाणी बंद होतात. २०२४ साली गुरु-शुक्राच्या अस्तामुळे मे आणि जून या ऐन हंगामात मुहूर्त जवळजवळ नव्हतेच. एप्रिल २०२१ मध्ये साथीच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी होती. आकाशातले ग्रह फिरले तरी, आणि सरकारी आदेश निघाला तरी, हप्त्याची तारीख हलत नाही.

आता हिशेबाकडे येऊ. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपापले घालून पाहावेत.

समजा, दोन दिवसांच्या लग्नाचे ४०,००० रुपये ठरले. त्यांतून व्हिडिओवाल्याला ८,०००, लाईट धरणाऱ्याला दोन दिवसांचे २,०००, अल्बमला ७,०००, व्हिडिओच्या जुळवणीला ५,००० आणि प्रवास, हार्ड डिस्क वगैरेंना ३,००० गेले. एकूण २५,०००. हातात राहिले १५,०००. बहुतेक फोटोग्राफर येथे थांबतात आणि हे पंधरा हजार आपली कमाई समजतात. गिरणीचा मालक येथे कधी थांबत नाही. तो घसारा धरतो. कॅमेरे, लेन्स, लाईट, संगणक मिळून सहा लाखांची सामग्री असेल आणि ती पाच वर्षे चालत असेल, तर वर्षाला १,२०,००० रुपयांची झीज झाली. वर्षाला तीस लग्ने धरली तर एका लग्नामागे ४,०००. ही झीज काही कागदोपत्रीच असते असे नाही. एका लग्नात चार हजार खटके, तर तीस लग्नांत एक लाख वीस हजार. आणि अनेक कॅमेऱ्यांच्या यांत्रिक शटरचे आयुष्य दीड-दोन लाख खटक्यांचेच मानतात. दुकानाचे भाडे व वीज महिना ८,००० धरले, तर लग्नामागे आणखी ३,२०० गेले. उरले ७,८००.

दोन दिवस लग्नाचे, एक दिवस बोलणी-ठरावाचा, आणि पाच दिवस फोटो निवडून ते दुरुस्त करण्याचे. आठ दिवसांचे ७,८००, म्हणजे रोजचे ९७५ रुपये. वर्षाचा हिशेब केला तर महिना १९,५००.

अशा वेळी शेजारचा नवा दुकानदार भाव पाडतो, आणि आपला फोटोग्राफर म्हणतो, "जाऊ द्या, पाचच हजार कमी करतो." गिऱ्हाइकाला वाटते, आठ आण्यांत एक आणा सूट मिळाली. पण ते पाच हजार ७,८०० मधून गेले आहेत. उरले २,८००, म्हणजे रोजचे ३५० रुपये. त्याच्या हाताखाली लाईट धरणारा मुलगा दिवसाला हजार रुपये घेतो, आणि मालक म्हणवणारा साडेतीनशे. मग तो कोठे तरी काटतो. अल्बमचा कागद हलका घेतो. दुसरा कॅमेरा घेत नाही. दुसऱ्या हार्ड डिस्कवर नक्कल ठेवत नाही, आणि एक डिस्क बिघडली की कोणाच्या तरी लेकीचे सारे लग्न पुसले जाते. शेवटी तो झोप काटतो, आधी स्वतःची आणि मग हाताखालच्या मुलाची.

हा हिशेब मी आमच्या तालुक्यातल्या वीस-बावीस फोटोग्राफरांच्या बैठकीत मांडला. उपायही मीच सुचवला. सर्वांनी मिळून किमान दर ठरवा, छापील दरपत्रक काढा आणि त्याखाली कोणी जायचे नाही अशी शपथ घ्या. टाळ्या पडल्या. पण बैठकीला आलेले एक वकील उठले व त्यांनी माझी चूक दाखवली. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे एकाच धंद्यातील व्यावसायिकांनी संगनमताने विक्रीची किंमत ठरवणे मना आहे. मी तीस वर्षे कामगारांच्या मजुरीचे करार केले, त्या सवयीने मालाच्या किमतीचाही करार करायला निघालो होतो. अनुभव एका क्षेत्रातला आणि सल्ला दुसऱ्या क्षेत्रात, असे झाले की माणूस फसतो. मी बैठकीची माफी मागितली.

पण घरी जाताना दुसरी गोष्ट लक्षात आली. किंमत ठरवता येत नसली तरी मजुरी ठरवता येते. कामगारांनी एकत्र येऊन मजुरी मागणे १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने मान्य केले, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ते कायम ठेवले आहे. मग आम्ही लाईट धरणारी, ड्रोन उडवणारी, व्हिडिओ जुळवणारी मुले गोळा केली. त्यांचा रोज, रात्री अकरानंतरचा जादा रोज, आणि दोन कामांमध्ये आठ तासांची विश्रांती, एवढे त्यांनी मागितले. फोटोग्राफरांनी कुरकुर केली, पण त्यांनाच त्याचा फायदा दिसू लागला. भाव पाडणाऱ्याला हाताखालच्या मुलाच्या पोटावर पाय देऊन भाव पाडता येईनासा झाला. सगळे पाळतात असे मी म्हणणार नाही. निम्म्याहून थोडे अधिक पाळतात, आणि एक-दोघे पाळतो म्हणून सांगून पाळत नाहीत.

टिकाऊ धंदा करू पाहणाऱ्यांना माझ्या काही सूचना आहेत. ठराव लेखी करा. किती तास, किती माणसे, अल्बम किती दिवसांत, हे त्यात लिहा. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय तारीख अडवू नका. लग्नानंतर वसुलीला फिरणे फार जड जाते. फोटोंचा कॉपीराइट कोणाचा, तेही लिहा. १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याचा असतो. तेव्हा वधूवरांना न विचारता त्यांचे फोटो जाहिरातीत टाकू नका. एकदा विश्वास गेला की सारे गाव जाते. वर्षाला किती लग्ने घ्यावयाची याची मर्यादा ठरवा. चातुर्मासात शाळांचे फोटो, छोट्या कारखानदारांच्या मालाचे फोटो, जुन्या फोटोंची दुरुस्ती अशी कामे धरा. आणि दर लग्नाचा घसारा वेगळ्या खात्यात टाका. तो आपला पैसा नव्हे, पुढच्या कॅमेऱ्याचा आहे.

आता समोर बसलेल्या वधुपित्यांना आणि वरपित्यांना एक विनंती करतो. भाव करा, तो तुमचा अधिकार आहे. पण सर्वांत स्वस्त भाव सांगणाऱ्याला, "तुमच्याबरोबर माणसे किती, आणि त्यांना देता काय?" एवढे विचारा. फोटोवाल्याची माणसे पहिल्या पंगतीचे फोटो काढतात, शेवटच्या पंगतीचेही काढतात, आणि पुष्कळदा उपाशी राहतात. त्यांची पाने मांडायला सांगा. वरात किती वाजता संपणार ते ठरवा आणि त्या वेळेला त्यांना मोकळे करा. अंतरपाट दूर होतो तो क्षण परत घेता येत नाही. त्या क्षणी कॅमेऱ्यामागचा माणूस झोपेने पेंगत असला तर नुकसान तुमचेच आहे.

शेवटी त्या मुलाविषयी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली सुरू झाली. अपघाती मृत्यू झाल्यास घरच्यांना दोन लाख रुपये मिळतात, आणि २०२२ पासून तिचा वर्षाचा हप्ता वीस रुपये आहे. त्या मुलाचे बँकेत खाते होते. त्या खात्यात वीस रुपयेही होते. योजनेच्या कागदावर सही करायला त्याला कोणी सांगितले नव्हते. फोटोग्राफरने सांगितले नाही, वडिलांना माहीत नव्हते, आणि मी, जो कामगारांना त्यांचे हक्क सांगत गावोगाव फिरतो, तो मीही लग्नातल्या मुलांकडे कामगार म्हणून कधी पाहिले नव्हते. मी किती लग्नांत जेवलो असेन, आणि दर वेळी असा एक मुलगा हातात लाईट घेऊन माझ्यासमोर उभा होता.

आता आमच्या तालुक्यात कोणी मुलगा या कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याच्याकडून तो कागद भरून घेतात. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते. आपल्या ओळखीत असा कोणी मुलगा असेल, तर त्याच्या खात्यातून यंदाचा हप्ता गेला की नाही, एवढे त्याला घरी जाताना विचारा.